किल्ला विकत घ्यावा की बांधावा?

ज्यांचे आयुष्य गेटसभा, मागण्यांची पत्रके आणि बोनसचे हिशेब यांत गेले, त्यांनी वसंतातल्या संध्याकाळी मुलांच्या खेळण्यांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही, तो आमच्या दाराशी चालत आला. सुट्ट्या तोंडावर आल्या की युनियनच्या कचेरीत पगाराच्या गोष्टींबरोबर आता एक नवा प्रश्न येतो. घरात बांधायच्या किल्ल्याची पेटी मिळते. तीत काड्या असतात, काड्या जोडायचे गोळे असतात, वरून चादर टाकली की मुलाला आत बसता येते. शेजारच्या मुलाकडे ती आहे, म्हणून आपल्या मुलालाही हवी आहे. किंमत कंत्राटी कामगाराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी. घ्यावी की न घ्यावी, आणि घ्यावी तर कोणती?

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर. तिथे लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही. समोर वस्तू आली की ती कुठून आली, कोणी केली आणि कोणासाठी केली, हे विचारल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. या पेटीलाही आम्ही तेच विचारले, आणि तिच्यामागे तीनशे वर्षांचा इतिहास निघाला. त्यात तत्त्वज्ञ आहेत, सुतार आहेत, कारकून आहेत आणि आमच्या धंद्यातली एक बाईसुद्धा आहे.

प्रथम आपल्या घरचे पाहू. महाराष्ट्रातल्या मुलाला किल्ला विकत घ्यावा लागत नसे. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा चाळीच्या जिन्याखाली विटांचे तुकडे आणि दगड जमू लागत. त्यांचा डोंगर रचायचा, चिखलात बुडवलेले गोणपाट त्यावर पांघरायचे, ओल्या मातीने माची, बुरूज आणि तट घडवायचे. सणापर्यंत हिरवळ उगवावी म्हणून अळीव किंवा मोहरी वेळेवर पेरायची. आरशाचा तुकडा पुरून तळे करायचे. कुंभाराकडून मावळे आणायचे आणि सर्वांत वर महाराजांना सिंहासनावर बसवायचे. पाच वर्षांचे मूल पाण्याचा डबा आणी, बारा वर्षांचे मूल चोरवाट कुठून काढायची ते ठरवी, आणि दोघांचे भांडण झाले तर काम थांबे. म्हणून भांडण मिटवावेच लागे. संघटना म्हणजे काय, याचा पहिला धडा आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी या चिखलातच गिरवला.

या खेळात इतिहासाचेही शिक्षण होते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. या वार्तेचा आनंद सर्वांना झाला. पण किल्ला म्हणजे केवळ लढाईची जागा नव्हे. रायगडावर हिरोजी इंदुलकरांचे नाव पायरीच्या दगडावर कोरलेले आढळते. बांधणाऱ्याचे नाव असे टिकून राहणे दुर्मीळ आहे. सिंधुदुर्गाचे काम १६६४ साली सुरू झाले. तिथे समुद्राच्या माऱ्याला टिकावे म्हणून पायात शिसे ओतले होते. ते शिसे वितळवणारे, दगड फोडणारे पाथरवट, चुना मळणारे आणि ओझी वाहणारे यांची नावे कुठल्याच पायरीवर नाहीत. ज्या मुलाने एकदा तरी ढासळलेला बुरूज पुन्हा उभा केला, त्याला या अनामिकांची ओळख पुस्तकाशिवाय होते.

मग ही रीत मागे का पडू लागली? मुलांचा उत्साह आटला, असे आम्हाला वाटत नाही. जागा आटली. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात सहा-आठ माणसे राहात आणि मुले घराबाहेर वाढत. लांबलचक व्हरांडा आणि चाळींमधले मोकळे मैदान हेच त्यांचे घर. आता त्या चाळींच्या जागी उंच इमारती होत आहेत. २०२५ साली वरळीत पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. हे घर कामगाराच्या हक्काचेच आहे, त्याविरुद्ध आम्ही एक शब्दही बोलणार नाही. मात्र विसाव्या मजल्यावर माती कुठून आणायची आणि सोसायटीच्या फरशीवर चिखल कोण करू देणार? घर वाढले आणि अंगण गेले. पेटीतला किल्ला या फटीतून आत शिरला. म्हणून त्याची थट्टा करून भागणार नाही, त्याची नीट पारख केली पाहिजे.

युरोपात या प्रश्नाची चर्चा फार पूर्वी सुरू झाली. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यात त्याचे मत असे की, मुलांना खेळणी हवीत, पण ती शक्यतो त्यांनी स्वतः करावीत. ज्या वस्तू त्यांच्या कौशल्याबाहेरच्या असतील तेवढ्याच आणून द्याव्यात. विकतच्या खेळण्यांची रास मुलाला अधाशी बनवते, हे त्याला त्या काळी दिसले होते.

खेळण्याला शिक्षणात मानाचे पान दिले ते जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील फ्रीड्रिख फ्रोबेल याने. तो १७८२ साली जन्मला. काही काळ त्याने बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात काम केले. स्फटिक कसे घडतात हे पाहता पाहता मुलांच्या हाती द्यायच्या आकारांची कल्पना त्याच्या मनात पक्की होत गेली. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या लहान गावी त्याने खेळाची संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्याच्या खेळसाहित्याला तो ‘देणग्या’ म्हणे. तिसरी देणगी म्हणजे आठ सारख्या घनांत विभागलेला एक लाकडी घन, बस्स. त्या आठांतून मूल खुर्ची करील, पूल करील, वेशीचा दरवाजा करील. आणि खेळ संपला की तेच आठ तुकडे पुन्हा एक घन होऊन डबीत जातील.

आजच्या काड्या-गोळ्यांच्या पेटीचा मूळ पुरुषही फ्रोबेलच आहे. भिजवून मऊ केलेले वाटाणे आणि टोकदार काड्या देऊन तो मुलांकडून सांगाडे करवून घेई. वाटाणा वाळला की सांधा घट्ट होई. पुढे या खेळाने मोठे काम केले. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराने १८९९ साली बालवर्गात असताना दातकोरण्या आणि वाटाणे यांतून त्रिकोणांची रचना केली. त्याची दृष्टी अतिशय अधू होती, त्यामुळे काय टिकते ते तो बोटांनी चाचपून ठरवी. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, हे त्याच्या बोटांना कळले. त्याच त्रिकोणांचा घुमट करून १९५४ साली त्याने पेटंट मिळवले. हे सत्य पुढे पेटी निवडतानाही आपल्याला उपयोगी पडणार आहे.

फ्रोबेलचा शेवट मात्र दुःखद झाला. १८४८ च्या क्रांतीने हादरलेल्या प्रशियाच्या सरकारने १८५१ साली किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याच्या समाजवादी लिखाणाचा आळ काकाच्या शाळांवर आला, असे सांगतात. पुढल्याच वर्षी फ्रोबेल वारला, आणि बंदी उठली ती १८६० साली. आठ लाकडी तुकड्यांची सत्तेला भीती का वाटावी? आम्हाला वाटते, हुकूम ऐकण्याची सवय लागण्यापूर्वीच स्वतः रचण्याची सवय लागलेले मूल पुढे प्रश्न विचारते. राज्यकर्त्यांना हे कधीच फारसे आवडलेले नाही.

पुढच्या अंकात व्यापारी येतो. ऑटो आणि गुस्टाव लिलिएन्थाल या जर्मन भावांनी क्वार्ट्झची वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांपासून दगडासारखे ठोकळे तयार केले. हाच ऑटो पुढे पंखांनी उडण्याचे प्रयोग करताना १८९६ साली मृत्यू पावला. ठोकळ्यांचा धंदा त्या भावांना साधला नाही. ती कृती रुडोलश्टाट गावच्या रिश्टर या कारखानदाराने विकत घेतली आणि १८८० च्या सुमारास विटेचे लाल, चुनखडीचे पिवळसर आणि पाटीदगडाचे निळे असे तीन रंगांचे ठोकळे जगभर धाडले. हे गाव फ्रोबेलच्या ब्लांकेनबुर्गच्या अगदी शेजारचे! मुलांची बाग आणि मुलांची बाजारपेठ अशी एकमेकींना लागून उभी राहिली.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी नावाच्या कारकुनाने आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या केल्या आणि १९०१ साली पेटंट घेतले. तीच पुढे ‘मेकॅनो’ म्हणून प्रसिद्ध झाली. भोकांमधले अंतर सर्वत्र अर्धा इंच, त्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जुळते. पहिल्या पेटीला पुरवणी जोडली की दुसरी पेटी होई, दुसरीला जोडली की तिसरी. यात दुकानदाराचा फायदा होताच, पण गिऱ्हाइकाचाही होता. जुनी पेटी वाया जात नसे, आणि मुलाबरोबर खेळणेही वाढत असे. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा तो कारखाना १९१४ पासून चालला आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये मालकांनी तो बंद केला. तेव्हा कामगारांनी बाहेर पडण्याचे नाकारले आणि कारखाना ताब्यात घेऊन आत ठाण मांडले. ज्यांनी तीन पिढ्यांच्या मुलांना जोडायला शिकवले, त्यांची रोजी मात्र जोडलेली राहिली नाही. गिरणगावातल्या श्रोत्यांना याहून अधिक सांगायला नको.

आता ज्या बाईंचा उल्लेख सुरुवातीला केला त्यांच्याकडे येतो. खरे म्हणजे त्या दोघी होत्या. न्यूयॉर्कच्या हेलन मॅरट या स्त्री-कामगारांच्या संघटक. वुमेन्स ट्रेड युनियन लीगच्या न्यूयॉर्क शाखेच्या त्या चिटणीस होत्या. १९०९ साली शर्ट शिवणाऱ्या हजारो मुलींनी जो प्रचंड संप केला, त्यात त्या आघाडीवर होत्या. त्यांच्या आयुष्यभराच्या सहकारी कॅरोलाइन प्रॅट या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षिका. फिलाडेल्फियात घरी बसून कपडे शिवणाऱ्यांची पाहणी दोघींनी मिळून केली होती. कोंदट खोल्यांत आईच्या पायाशी कापडाच्या ढिगात बसलेली मुले पाहिलेल्या बाईला खेळण्याचा विचार दुकानदाराप्रमाणे करणे शक्यच नव्हते.

प्रॅटबाईंनी एकदा एका मित्राच्या सहा वर्षांच्या मुलाला जमिनीवर ठोकळे, खोकी आणि मिळेल त्या वस्तूंतून आगगाडीचे सारे जग मांडताना पाहिले. त्या मुलाला कोणी सांगत नव्हते, बक्षीस नव्हते, तरी तो तासन् तास राबत होता. तेव्हा त्यांच्या मनात आले की शाळा अशीच असावी. १९१४ साली ग्रीनिच व्हिलेज या वस्तीत त्यांनी लहानशी शाळा काढली. मुलांना घेऊन त्या धक्क्यावर जात, बोटी आणि मालगाड्या दाखवत. परत आल्यावर मुले जे पाहिले ते जमिनीवर बांधत. त्यासाठी त्यांनी जे ठोकळे वापरले ते आज जगभरच्या बालशाळांत आढळतात. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड. म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. बाकीचे त्याचे अर्धे, दुप्पट, चौपट. रंग नाही, चित्र नाही. दोन अर्धे मिळून एक होतो, हे मुलाच्या हाताला आपोआप कळते. आणि ठोकळे मोठे व जड असल्याने मोठी इमारत एकट्याला पुरी करता येत नाही, दुसऱ्याला हाक मारावीच लागते. आम्हाला यात त्यांच्या संघटक मैत्रिणीची सावली दिसते. इतिहासाचा पुरावा म्हणून हे आम्ही सांगत नाही, आमचा तर्क म्हणून सांगतो.

डेन्मार्कची कथा थोडक्यात. बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराला मंदीत काम मिळेना, म्हणून १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. तोच ‘लेगो’चा संस्थापक. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेचा अर्ज त्याच्या मुलाने १९५८ साली केला. आठ खुंट्यांच्या फक्त सहा सारख्या विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारांनी जोडता येतात, असे गणित्यांनी मोजले आहे. १९७८ साली त्या कंपनीने पिवळ्या विटांचा किल्लाही बाजारात आणला. वीट सुटी असली की मूल राजा असते. एकाच चित्रासाठी घडवलेले तुकडे दिले की तेच मूल चित्राचा नोकर होते.

हे सारे परदेशातले झाले. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक यांनी दिले. मारिया मॉन्टेसरीबाईंची पहिली शाळा १९०७ साली रोममध्ये निघाली ती सान लोरेंझो भागातल्या कामगारांच्या चाळीत. आईबाप कामावर गेल्यावर मुले इमारतीची नासधूस करीत, म्हणून! पण पुढे त्याच पद्धतीचे साहित्य इतके महाग झाले की गरिबाच्या मुलाला ते पाहायलाही मिळेना. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षण केंद्र काढले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत नेले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. तिथे शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या हेच साहित्य झाले. शाळेत मूल येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. शास्त्र तेच राहिले, फक्त किंमत गळाली. पुढे अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या घेऊन मुलांना भूमितीचे सांगाडे करायला शिकवले. फ्रोबेलचा वाटाणा आपल्याकडे सायकलच्या दुकानात सापडला, असे म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये केडर नावाच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. दारे कुलूपबंद होती, पळायच्या वाटा अपुऱ्या होत्या, इमारतीचे लोखंड आगीपासून संरक्षण न दिल्यामुळे वाकले आणि मजले कोसळले. १८८ कामगार मेले. त्यांतल्या बहुतेक तरुण मुली होत्या, आणि त्या दूरदेशच्या मुलांसाठी मऊ बाहुल्या शिवीत होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनच्या शेन्झेन शहरात अशाच कारखान्यात ८७ जणांचा बळी गेला. तिथेही वाटा बंद होत्या. एका मुलाच्या आनंदासाठी दुसऱ्याच्या मुलीने कुलपाआड राबावे, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. दुकानात उभे राहून हा प्रश्न सुटत नाही हे आम्ही जाणतो. तो सुटतो कायद्याने आणि संघटनेने. पण पेटीवर करणाऱ्याचे नाव-गाव आहे की नाही एवढे तरी गिऱ्हाइकाने पाहावे.

आता निवडीचे बोलू. आमची पहिली कसोटी ही की, या पेटीतून किती वेगवेगळ्या वस्तू होतात? झाकणावरचा किल्ला झाला आणि काम संपले, तर ती पेटी चार दिवसांची पाहुणी. काड्या-गोळ्यांच्या पेटीत पाहावे की गोळ्याला तिरक्या काडीसाठी भोके आहेत का. नुसत्या चौकोनांचा सांगाडा चादर पडताच कलतो. कर्णावर काडी घालता आली पाहिजे, म्हणजे त्रिकोण होतो आणि किल्ला उभा राहतो. सांधा मुलाच्या हाताला लागावा आणि सुटावा. तो बापालाच लावावा लागत असेल तर खेळ बापाचा झाला.

दुसरी कसोटी अशी की, एक काडी मोडली तर सुटी मिळते का, आणि पुढे पुरवणी घेता येते का? हॉर्न्बीच्या काळापासूनची ही जुनी परीक्षा आहे. तिसरी, पेटी दोघा-चौघांना पुरते का? एकट्या मुलाला किल्ल्यात कोंडून आपण मोकळे होणार असू, तर तो किल्ला नव्हे, तुरुंग.

सुरक्षिततेची बाब निराळी, तिथे काटकसर करू नये. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेची आयएसआय खूण सक्तीची झाली आहे. ती पाहून घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती तोंडात मावणारे तुकडे देऊ नयेत. पांघरूण सुती आणि हलके असावे, हवा खेळती राहील असे एक तोंड उघडे ठेवावे, आणि स्वयंपाकघराजवळ किंवा दिव्याजवळ किल्ला बांधू देऊ नये. सांगाड्यावर चढायचे नाही, हे पहिल्या दिवशीच बजावावे.

आणि पैसे नसतील तर? मग वाण्याकडची पुठ्ठ्याची खोकी, आईचे जुने लुगडे, दोन खुर्च्या आणि कपडे वाळत घालायची दोरी. खोके ओले करून वाकवता येते, कापून खिडकी करता येते, फाटले तर दुसरे आणता येते. ज्यांना थोडे जमते त्यांनी गल्लीतल्या सुताराकडून प्रॅटबाईंच्या मापाचे ठोकळे कापून घ्यावेत. कानशीने कडा घासण्याचे काम मुलांना द्यावे. ती पेटी नातवंडांपर्यंत जाईल, आणि मजुरी आपल्याच गावात राहील.

शेवटी एक सूचना करतो. ती घरासाठी नाही, सोसायट्यांसाठी आणि मंडळांसाठी आहे. एका घरात एक पेटी पडून राहते आणि दहा घरांतली मुले तिच्याकडे पाहत बसतात, हा व्यवहार महागही आहे आणि वाईटही. वाचनालय जसे पुस्तकांचे असते तसे खेळण्यांचे का असू नये? दहा कुटुंबांनी वर्गणी काढावी, चांगले ठोकळे आणि एक मोठा संच घ्यावा, आणि इमारतीतली एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना मोकळी करून द्यावी. नव्या इमारतींच्या नकाशात मोटारींसाठी जागा राखलेली असते. दिवाळीच्या दहा दिवसांपुरती त्यांतली चार मोटारींची जागा मातीच्या किल्ल्याला द्या, अशी मागणी सोसायटीच्या सभेत लेखी मांडा. पहिल्या सभेत ती फेटाळली जाईल. मागण्या मांडण्याचा आमचा अनुभव असा आहे की पहिल्या सभेत बहुतेक मागण्या फेटाळल्याच जातात. दुसऱ्या सभेला मुलांना बरोबर घेऊन जा.